दोरासाठी सोडलेली फट

इंग्लंडमध्ये वॉरिकशर परगण्यात, लॅपवर्थ गावाजवळ, स्ट्रॅटफर्ड कालव्यावर छोटे पादचारी पूल आहेत. चार पावलांत ओलांडून होतात. पण मधोमध उभं राहून खाली पाहिलं, की पूल सलग नसल्याचं कळतं. दोन्ही काठांवरून बिडाचा एकेक हात पुढे आलेला, आणि त्या दोन हातांमध्ये बोटभर फट. कठडाही नेमका तिथेच तुटलेला.

ही सोय दोरासाठी आहे. मालाने भरलेली बोट काठावरचा घोडा ओढत असे. त्याची वाट पुलाखालून न्यायची, तर पूल रुंद बांधावा लागतो आणि खर्च वाढतो. वाट बाजूने नेली, तर प्रत्येक पुलापाशी दोर सोडा, पलीकडे न्या, पुन्हा बांधा. फटीने दोन्ही कटकटी मिटवल्या. घोडा पुलाला वळसा घालून पुढे जाई, दोर फटीतून सरके आणि बोट चालतच राही.

ही हुशारी टंचाईतून आली. काम 1793 साली सुरू झालं, पैसे पुन्हा पुन्हा संपले आणि कालवा शेक्सपियरच्या गावी, म्हणजे स्ट्रॅटफर्डला, पोचायला 1816 उजाडलं.

पुढे रेल्वेने माल पळवला, कालवा गाळाने भरला. 1958 मध्ये स्थानिक प्रशासनाने दक्षिणेकडचा भाग कायमचा मोडीत काढायची परवानगी मागितली. तीन वर्षांत इथून कोणी गेलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. पण तिथून कनू (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन गेलेल्यांनी पैसे भरल्याची पावती जपून ठेवली होती! परवानगी नाकारली गेली. कालवाप्रेमींच्या चळवळीचं बळ या निकालामागे होतंच, तरी त्या पावतीचं मोल फार मोठं.

मग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने हा भाग भाडेपट्ट्याने घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदीसुद्धा चिखलात उतरले. सुमारे 13 मैलांचा कालवा आणि बोटी वरखाली नेणारी 36 लॉक त्यांनी पुन्हा चालती केली. सरकारी कंत्राटाशिवाय एवढं काम उभं राहतं, हे त्यांनी करून दाखवलं. जुलै 1964 मध्ये राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा खुला झाला. हचिंग्ज तिथेच थांबले नाहीत. स्ट्रॅटफर्डच्या खालच्या अंगाला एव्हन नदीतली बंद पडलेली बोटींची वाट त्यांनी हाती घेतली आणि 1974 मध्ये तीही सुरू केली.