हरवलेला शब्द

पॅरिसनजीकच्या बिसेत्र इस्पितळांत लबोर्न्य नांवाचा एक रोगी २१ वर्षें राहिला. कांहींही विचारलें तरी त्याच्या मुखांतून बहुधा ‘तां’ एवढाच ध्वनि निघे. १८६१ सालीं तो वारल्यावर ब्रोका ह्या शल्यवैद्यानें त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढील भाग विकृत झालेला दाखविला. समज शाबूत, पण शब्द हातीं लागत नाहीं, असा हा वाचाघाताचा प्रकार.

आमच्या एका स्नेह्यांना पक्षाघातानंतर तोच जडला. पाणी मागतां येत नाहीं. मात्र रामरक्षा सुरू केली कीं चार चरण स्पष्ट म्हणतात! झटक्याला चार वर्षें झालीं. वाचोपचार केव्हांच संपले, वहिनींचें काम संपलें नाहीं. ‘‘भावोजी, ‘अगं’ ही हांकहि तेव्हांपासून कानीं नाहीं,’’ असें त्या परवां म्हणाल्या.

अशा माणसास एका वेळीं एकच प्रश्न विचारावा, तोहि मानेनें उत्तर देतां येईल असा. ओरडूं नये, तो बहिरा नव्हे. त्याचें वाक्य आपण पुरें करण्याची घाई नको. (जन्मभर वर्गांत मुलांचीं वाक्यें पुरीं केलेल्या आम्हांस हें फार जड गेलें.) दर गुरुवारीं आम्ही दोन तास स्नेह्यांपाशीं बसतों. तेवढ्यांत वहिनी देवळांत जाऊन येतात; कधीं नुसत्या निजतात.