गावाच्या नकाशात आपली वस्ती कुठे आहे?

लहान मुलांना भूगोल शिकवताना जवळून लांब जायचं, हे शिक्षकांना पाठ असतं. आधी घर, मग शाळा, मग गाव, मग तालुका. महाराष्ट्रात तिसरीच्या मुलाच्या हातात स्वतःच्या जिल्ह्याचं वेगळं पुस्तक येतं ते याच तत्त्वावर. तत्त्व बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की 'जवळ' म्हणजे कुणाच्या जवळ?

मी काम करते त्या भागातल्या एका शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवलाय. मंदिर, पार, ग्रामपंचायत, दूध डेअरी, नदी. रस्ता वेशीपाशी येऊन संपतो. पुढची आपली वस्ती नकाशात नाही. त्याच वर्गात वस्तीतली पोरं बसतात आणि 'आपले गाव' म्हणून तो नकाशा वहीत उतरवतात. याला कुणी कट म्हणणार नाही. रंगवणाऱ्याला तिथे गाव संपतं असं वाटलं, एवढंच. आणि रोग तोच आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : 'इतक्या लहान वयात जात कशाला शिकवता?' अहो, कुणाच्या ओट्यावर बसायचं नाही, कुठल्या घरी पाणी मागायचं नाही, हे पोराला बालवाडीतच कळलेलं असतं. तो त्याचा पहिला भूगोल. शाळा त्यावर गप्प बसते, म्हणून पोराला वाटतं की हे डोंगर-नदीसारखं निसर्गानंच केलंय.

निसर्गानं केलेलं नाही, हे भूगोलच दाखवू शकतो. देशावरच्या अनेक गावांत जुनी वस्ती पूर्वेला असते. का? पोरांना होकायंत्र द्या आणि दोन गोष्टी तपासू द्या. पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणजे पूर्वेकडच्या घरांवरून आलेला वारा गावाला सहसा लागत नाही. गोदावरी, भीमा, कृष्णा सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे जातात. म्हणजे पूर्वेचा पाणवठा बहुतेकदा प्रवाहाच्या खालचा. वर गाव पाणी भरतं, खाली आपण. वारा, उतार, प्रवाह, दिशा : चौथीचा अख्खा अभ्यास यात आला, आणि विटाळाचं गणितही उघडं पडलं. (कोकणात नद्या पश्चिमेला वाहतात, तिथे हिशेब वेगळा निघेल. निघू दे. पोरांनी पाठ करायचं नाही, तपासायचं आहे.)

दुसरी अडचण नकाशा भिंतीवर टांगण्याची. टांगला की उत्तर 'वर' जाते, दक्षिण 'खाली'. कित्येक मुलं मोठी होईपर्यंत उत्तर दिशा आभाळात शोधतात. त्यात आपल्या बोलीत 'वरची आळी', 'खालची आळी' आहेच. तिथे वर-खाली म्हणजे नुसता जमिनीचा उतार नसतो. म्हणून नकाशा जमिनीवरच काढावा. खडू, काड्यापेटीच्या पेट्या, वाळू पुरते. सकाळी सूर्याकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला. अंतर पावलांनी मोजायचं : घर ते नळ किती, घर ते शाळा किती, पाराजवळच्या घरातून नळ किती. शंभर पावलांना एक काडी, झालं प्रमाण. दोन रांगांत काड्या मांडल्या की कुणाचं पाणी लांब आहे ते सांगावं लागत नाही.

मोठ्या मुलांना इथेच महाड सांगा. चवदार तळं खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं 1924 मध्ये केला, पण अस्पृश्यांना त्या पाण्यापर्यंत जाता आलं ते 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांबरोबर. मधली तीन वर्षं कुठल्या काडीनं मोजणार?

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलंच झालं. पण पाटी बदलली म्हणून वस्ती जागची हलत नाही. भीमनगर झालं तरी पावसाळ्यात ओढ्याचं पाणी तिथेच शिरतं.

आता आपल्याकडे. शाळेला बोल लावताना आपल्या विहारांतले रविवारचे वर्गही बघू या. तिथे पोरांकडून काय करून घेतो आपण? वंदना, गाणी, जयंतीचं भाषण. भाषणात 'गावकुसाबाहेर' हा शब्द दहादा येतो, पण ते कूस नेमकं कुठून कुठे होतं हे त्या पोरानं चालून पाहिलेलं नसतं. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नेमका हाच सवाल घेतला : अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? आपण त्या पुस्तकाची पूजा करतो, सवाल मात्र पोरांपर्यंत नेत नाही.

जयंतीच्या वर्गणीतून एक होकायंत्र आणि एक लांब टेप येतो. पोरांना घेऊन वेशीपासून वस्तीपर्यंत चाला, वयस्क बायांना विचारा पूर्वी पाणी कुठून आणायच्या, मसणवटा कुठे होता, गुरं कुठून जायची. मोठ्या कागदावर सगळं उतरवा, वस्तीसकट. आणि तो नकाशा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत न्या. नळ कुठे हवा ते त्यावर बोट ठेवून चौथीची पोरगीच सांगेल.