मजल्याचे अंदाजपत्रक

पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत चटईक्षेत्राच्या एकेका फुटावरून तासन्‌तास वाद होतात. तथापि ज्या मजल्यावर ते चटईक्षेत्र उभे राहणार त्याची घडण कोणती असावी, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो. कंत्राटदार स्लॅबचा चौरस फुटाचा दर सांगतो, सभासद तो शेजारच्या इमारतीच्या दराशी ताडून पाहतात, आणि चौकशी तेथेच संपते.

वस्तुतः एवढ्या दरावरून काहीच ठरत नाही. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो भरते, तर राहत्या खोलीतील माणसे व सामान यांच्यासाठी भारतीय मानकाने धरलेला भार सुमारे २०० किलोच आहे. म्हणजे मजला परक्या ओझ्याच्या जवळजवळ दुप्पट स्वतःचेच ओझे वाहत असतो, आणि ते मजल्यागणिक साचत खांबांतून पायात उतरते, जेथे त्याची किंमत निराळ्या सदराखाली मांडली जाते. शिवाय खांबांमधील अंतर चार मीटरांवरून आठ मीटरांवर नेले की, भार तोच राहिला तरी स्लॅबला वाकविणारा जोर चौपट होतो. जुन्या वाड्यांत खणाची रुंदी सागवानी तुळईच्या लांबीने बांधलेली असे; काँक्रीटने ती मर्यादा काढली, पण फुकट काढली नाही.

म्हणूनच साडेतीन-चार मीटरांच्या खोल्यांच्या घरांत बीम-स्लॅबची जुनी पद्धत, तिचे सेंट्रिंग किचकट असूनही, सहसा स्वस्त पडते. फ्लॅट स्लॅबमध्ये बीम नसल्याने सेंट्रिंग सोपे होते आणि प्रत्येक मजल्याची फूटभर उंची वाचते. रॉबर्ट मायार याने १९१० साली झुरिक येथील वखारीत ही रचना उत्तम साधली होती. परंतु तीत काँक्रीट व लोखंड अधिक लागते, खांब स्लॅब भेदून जाण्याचे भय सांभाळावे लागते, आणि भूकंपासाठी काँक्रीटच्या भिंती निराळ्या उभ्या कराव्या लागतात. त्या भिंतींचा खर्च वगळून केलेली तुलना ही शुद्ध दिशाभूल होय. आठ-दहा मीटरांच्या गाळ्यांची कार्यालये किंवा वाहनतळ असतील तर ताणलेल्या केबलींचा पोस्ट टेन्शन स्लॅब आपली किंमत वसूल करतो, मात्र पुढे त्यात मनमानेल तेथे भोक पाडता येत नाही. ॲल्युमिनियमच्या मिवान साच्यांचे भांडवल तेच साचे शंभरावर वेळा वापरले तरच फिटते. एकाच छोट्या इमारतीसाठी त्यांचा आग्रह धरणे मला तरी हौसेचे वाटते.

काळाचाही जमाखर्च असतो. साध्या सिमेंटसाठी मानकाप्रमाणे साडेचार मीटरांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, सहा मीटरांपर्यंतच्या बीमचे मात्र चौदा दिवस ठेवावे लागतात. आणि काम लांबेल तितके सभासदांच्या पर्यायी घरांचे भाडे व कर्जाचे व्याज वाढत जाते.

तेव्हा करारनाम्यावर सही होण्यापूर्वी संस्थांनी आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून निदान दोन रचनांची अंदाजपत्रके मागवावीत, आणि त्यांत पाया, खांब, भूकंपरोधक भिंती, मुदत व भाडे ही सारी सदरे असल्याखेरीज ती सभेपुढे ठेवू नयेत.