‘बटन, बटन, बटन’
दाभोशाच्या धबधब्याचा व्हिडिओ अंध मित्राला पाठवलात, तर त्याला पाण्याचा आवाज ऐकू येईलच असं नाही. प्लेअरच्या बटनांना नावं दिलेली नसतील, तर स्क्रीन रीडर नुसतं ‘बटन, बटन, बटन’ म्हणत बसतो.

मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. पायथॉनमध्ये ॲड-ऑन लिहून त्यात अशी मुकी बटनं बोलती करता येतात. साइटची रचना बदलली की मात्र पुन्हा पहिल्यापासून! ही हमाली अंधांनीच का करायची? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांचा वापर हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

कोडिंग शिकणाऱ्या दोस्तांनो, आपल्याच साइटवरच्या बयानांचा प्लेअर एकदा मॉनिटर बंद करून, एनव्हीडीएवर चालवून बघा.