‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ आले, पण जनुकाची चाचणी झाली का?

वरठी (जि. भंडारा) : मानेत किंवा काखेत गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून महिना-दोन महिने तशीच राहते. मग बायोप्सी होते. वरठीच्या रुग्णासाठी पुढच्या तपासण्यांचा रस्ता साधारणपणे नागपूरकडे जातो. भंडारा रोड स्टेशन गावातच आहे, तिथून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. रिपोर्ट हातात पडतो तेव्हा त्यात लिहिलेले असते : ‘लिम्फोमा, बीसीएल-२ पॉझिटिव्ह’. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि ‘जनुकात दोष निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो.

ही ओळ मात्र जनुकाबद्दल काहीच सांगत नाही. ती सांगते फक्त प्रथिनाबद्दल.

बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. पेशींची संख्या ते वाढवत नाही, पण ज्या पेशींची वेळ संपली आहे त्यांना टिकवून धरते. निरोगी माणसाच्या अनेक लिम्फ पेशींमध्येही ते असते. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला घाबरण्याआधी हे माहीत हवे.

मग गडबड होते कुठे?

बीसीएल-२चे जनुक १८व्या गुणसूत्रावर असते. बी-पेशीत १४व्या गुणसूत्रावर अँटिबॉडी बनवणारे जनुक असते आणि त्याचा ‘स्विच’ कायम चालू असतो. गुणसूत्रे तुटून चुकीच्या जागी जोडली गेली की बीसीएल-२ या चालू स्विचशेजारी येऊन बसते. यालाच जनुकाची पुनर्रचना म्हणतात. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत ती सापडते.

पण पुनर्रचना नसतानाही प्रथिन भरपूर असू शकते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हे त्याचे ठळक उदाहरण. २०१६मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध थेट बीसीएल-२ला रोखते आणि या ल्युकेमियात ते चांगले चालते. पुनर्रचना असलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमात मात्र एकट्या या औषधाचा परिणाम तुलनेने कमी दिसला. गंमत आहे, पण खरे आहे.

खरा प्रश्न येतो तो वेगाने वाढणाऱ्या लार्ज बी-सेल लिम्फोमात. बीसीएल-२सोबत मिक या जनुकाचीही पुनर्रचना झाली असेल, तर त्याला ‘डबल हिट’ म्हणतात. एक जनुक पेशी वाढवते, दुसरे तिला मरू देत नाही. अशा वेळी नेहमीची आर-चॉप केमोथेरपी अनेकदा अपुरी पडते आणि डॉक्टर अधिक तीव्र उपचारांचा विचार करतात. दोन्ही प्रथिने जास्त आहेत, पण जनुके जागेवर आहेत, तर तो ‘डबल एक्स्प्रेसर’. नावे सारखी वाटतात, आजार वेगळे आहेत. प्रथिन रंग देऊन स्लाइडवर दिसते. पुनर्रचनेसाठी ‘फिश’ ही वेगळी आणि महागडी चाचणी लागते.

म्हणूनच ‘फिश’ला ऐच्छिक खर्च मानणे चूक आहे. केमोथेरपीचा भार उचलणाऱ्या सरकारी योजनांनी अशा रुग्णांत ही चाचणीही उपचाराचाच भाग धरायला हवी. कोणती केमो द्यायची हेच जिच्यावर ठरू शकते, ती चाचणी पैशांअभावी राहून जाणे परवडणारे नाही.

तोवर नातेवाइकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. काढलेली गाठ लगेच फॉर्मालिनमध्ये ठेवली गेली का? आणि मेणाचा ब्लॉक कोणत्या लॅबमध्ये आहे? ‘फिश’ त्याच ब्लॉकवर होऊ शकते. ब्लॉक सांभाळून ठेवला असेल आणि त्यात पुरेसा नमुना उरला असेल, तर त्यासाठी पुन्हा सुरी लावावी लागत नाही.