गोळी ज्याची, पंचनामाही त्याचाच?



२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत बदलापूर प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे गोळी लागून मेला. दुसऱ्या दिवशी गावोगावी चर्चा एकच होती, 'बरे झाले, कोर्टाची कटकट वाचली.' मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले. अंबडच्या बाजारातही आम्ही हीच वाक्ये ऐकली, आणि ती बोलणारी माणसे वाईट नव्हती. चार वर्षांच्या पोरींवर शाळेत अत्याचार होतो हे ऐकून ज्याचे रक्त तापत नाही, तो माणूसच नव्हे. तरीही या टाळ्या कोणासाठी वाजल्या आणि त्याची किंमत उद्या कोण मोजणार, हा हिशेब आपण मांडला पाहिजे. पुढाऱ्यांनी तो मांडलेला नाही.

पोलिसांचे म्हणणे असे. तळोजा तुरुंगातून आरोपीला नेत असताना त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, तीन गोळ्या झाडल्या, एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीला लागली. मग दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली. ती डोक्याला लागली. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने साधे प्रश्न विचारले. गाडीत इतके पोलीस असताना एक माणूस आवरता येत नव्हता काय? गोळी पायावर का नाही, डोक्यातच का? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल आला. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे सापडले नाहीत, स्वसंरक्षणाचा दावा पटण्यासारखा नाही आणि या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. पोलिसांनी या निष्कर्षाला वरच्या न्यायालयात आव्हान दिले. तो त्यांचा हक्कच आहे. आपली बाजू न्यायालयात मांडण्याचा हाच हक्क मेलेल्या आरोपीला मिळाला नाही, एवढेच आमचे म्हणणे.

स्वसंरक्षणाचा कायदा सगळ्यांना एकच आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव वाचवण्यापुरते बळ वापरता येते, गरजेपेक्षा जास्त नाही. आणि 'मी स्वसंरक्षणासाठी केले' असे म्हणणाऱ्यावरच ते दाखवून देण्याची जबाबदारी असते. आता बांधावरचे भांडण आठवा. दोन भाऊबंद भिडले, एकाने काठी उगारली, दुसऱ्याच्या हातून कुऱ्हाड चालली आणि माणूस गेला. ठाण्यात तो शेतकरी रडून सांगतो, 'साहेब, जीव वाचवायला केले.' फौजदार काय म्हणतो? 'ते कोर्टात सांग.' त्याच रात्री गुन्हा दाखल, हातात बेड्या, आणि जामिनासाठी बैलजोडी विकायची वेळ. फौजदार चुकीचे बोलला असे आम्ही म्हणत नाही. कायदा तसाच आहे. मग तोच कायदा खाकी कपड्यातल्या माणसाला का लागू नाही?

बदलापूरच्या प्रकरणात मेलेल्या आरोपीवर पोलिसांवर हल्ला केल्याचा गुन्हा लगेच नोंदला गेला. गोळी झाडणाऱ्यांवर गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करा, हा उच्च न्यायालयाचा आदेश यायला एप्रिल २०२५ उजाडले. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात पथक नेमण्याचे काम पोलीस महासंचालकांकडे सोपवले गेले. शेतकऱ्याला एक रात्र, पोलिसाला सात महिने, असे हे गणित आहे.

गंमत अशी की नियम नव्हते असे नाही. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, आणि शंका फिटेपर्यंत बक्षीस वा बढती देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच एका खटल्यात बजावले होते. त्या निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला मुंब्र्याची गोळी सुटली.

बियाणे उगवले नाही तर आपण काय करतो? तक्रार देतो, समिती बोलावतो, पंचनामा मागतो. तो पंचनामा बियाणे विकणाऱ्या कंपनीनेच करायचा असे कोणी म्हटले तर आपण त्याला गावात उभे करू का? कापसाचा काटा व्यापाऱ्याचा, ओलावा मोजणारा त्याचा आणि पावतीही तोच लिहिणार, हे आपण मान्य करतो का? मग गोळी ज्याची, पंचनामा त्याचा, साक्षीदार त्याचे आणि निकालही त्याचा, हे कसे चालेल?

यावर आम्हाला विचारले जाते, 'तुमची पोर असती तर?' हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. त्या पोरींचे आईबाप ऑगस्ट २०२४ मध्ये तक्रार घेऊन ठाण्यात गेले तेव्हा ती नोंदवून घ्यायला अकरा-बारा तास लावले ते पोलिसांनीच. लोकांनी २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात रेल्वे अडवली तेव्हा लाठ्या चालवल्या आणि लोकांवर गुन्हे घातले तेही पोलिसांनीच. शाळेच्या विश्वस्तांना अटक झाली ती आरोपी मेल्यानंतर, ऑक्टोबरात. खटला उभा राहिला असता तर शाळेने काय दडवले, तक्रार कोणी लांबवली, हे साक्षीत उलगडले असते. गोळीने तो खटलाच संपवला. पोरींना न्याय मिळाला म्हणता, मग निकालपत्र दाखवा. ज्यांच्या दिरंगाईवर लोक रस्त्यावर आले, तेच एका महिन्यात वीर ठरले. यात फायदा कोणाचा झाला ते ज्याने त्याने ओळखावे.

हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी असेच मारले. पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल आला की गोळ्या जीव घेण्याच्या इराद्यानेच झाडल्या होत्या. आपल्या मुंबईत नोव्हेंबर २००६ मध्ये लखनभैयाला 'चकमकीत' मारले गेले. ती चकमक बनावट होती हे सिद्ध होऊन पोलिसांना जन्मठेपा झाल्या, आणि 'चकमकफेम' प्रदीप शर्मांना उच्च न्यायालयाने दोषी धरले ते मार्च २०२४ मध्ये, सतरा वर्षांहून अधिक काळाने. मेलेल्याचा भाऊ स्वतः वकील होता म्हणून ते प्रकरण टिकले. आपल्यापैकी किती जणांचे भाऊ वकील आहेत?

कोणी म्हणेल, हे गुन्हेगारांचे झाले, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. कापसाच्या भावासाठी डिसेंबर १९८६ मध्ये सुरेगावला आपले तीन शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पवनेच्या पाण्यासाठी ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात तिघे मेले, त्यात एक बाई होती. दर वेळी सरकारी निवेदन तेच असते, 'जमाव हिंसक झाला, पोलिसांना स्वतःच्या बचावासाठी बळ वापरावे लागले.' आणि आपल्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी? १ सप्टेंबर २०२३ रोजी उपोषणाच्या मांडवात लाठ्या आणि अश्रुधूर चालला. आधी दगडफेक झाली, असेच सांगितले गेले. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, मांडवातल्या म्हाताऱ्या बायांची डोकी आपण सगळ्यांनी पाहिली. तीन दिवसांनी गृहमंत्र्यांनी माफी मागितली. पण शेकडो आंदोलकांवर गुन्हे दाखल होऊन बसले होते. अंतरवालीच्या वेळी पोलिसांच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस वर्षभरात मुंब्र्याच्या वेळी तोच शब्द डोळे झाकून गिळतो, याला काय म्हणावे?

परवाना एकदा दिला की तो माणूस पाहून वापरला जात नाही. आज नराधमासाठी दिलेला परवाना उद्या रास्ता रोकोत वापरला जातो. तण मारायचे औषध वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले तर पाने वाकडी होतात, हे आम्ही सांगायला नको. औषधाला तण आणि पीक यातला फरक कळत नाही. तो फवारणाऱ्याने सांभाळायचा असतो, आणि फवारणाऱ्यावर लक्ष मालकाने ठेवायचे असते. इथे मालक आपण आहोत.

आम्ही पोलिसांचे वैरी नाही. हवालदार आपल्याच घरचा आहे; दोन एकर कोरडवाहूवर भागत नाही म्हणून भरतीला गेलेला पोरगा आहे. त्याच्यावर खरोखर हल्ला झाला तर त्याने जीव वाचवलाच पाहिजे. पण खऱ्या बचावाला चौकशीची भीती नसते. उलट चोख चौकशी झाली तर प्रामाणिक शिपायाच्या नावावरचा डाग धुतला जातो. चौकशी टाळण्याने फायदा होतो तो वरून तोंडी हुकूम देऊन नामानिराळ्या राहणाऱ्यांचा.

म्हणून जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत असे आम्ही सुचवतो. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की गुन्हा त्याच दिवशी नोंदवावा आणि तपास बाहेरच्या यंत्रणेकडे जावा. आरोपी नेणाऱ्या प्रत्येक गाडीत कॅमेरा असावा, आणि तो बंद असेल तर जबाब अधिकाऱ्याने द्यावा. आंदोलनावर बळ वापरण्याचा हुकूम लेखी, नावानिशी आणि वेळेसह असावा. चौकशीचा अहवाल ठरल्या मुदतीत विधानसभेत यावा. आणि जमाव पांगवताना केलेल्या कृत्यासाठी पोलिसांवर खटला भरायला सरकारचीच परवानगी लागते, ती अट उठवावी.

हे ठराव गावागावात वाचून दाखवा. 'बरे झाले' म्हणणाऱ्याशी भांडू नका. त्याला फक्त विचारा, 'सुरेगावच्या तिघांच्या वेळीही बरेच झाले होते का?'