नालासोपाऱ्याचा स्तूप रीलमध्ये का नाही?

पावसाळा सरला की मोबाईलवर वसई-विरारच्या जाहिराती सुरू होतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव. वर ड्रोनने टिपलेला समुद्र, खाली रिसॉर्टचा नंबर आणि 'वीकेंडला बाहेर पडा' असा हुकूम. वसईचा किल्ला दिसतो, पण प्री-वेडिंगच्या फोटोंमागची भिंत म्हणून. नालासोपारा मात्र कुठेच नाही. यांच्या लेखी नालासोपारा म्हणजे गर्दीने भरलेली लोकल, बस्स.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यातला एक ढिगारा खणला. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. (राजा म्हणून लोकांनी नाव ठेवलं ते बुरुडाचं, हे विसरू नका.) आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि मैत्रेयासह आठ बुद्धमूर्ती होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला.

आणि आठव्या लेखाचा विषय काय? सहल!

पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजमजेला जात. मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असं अशोक सांगतो. धम्मयात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, गावोगावच्या माणसांशी भेट आणि धम्माची चर्चा. प्रवास कशासाठी करायचा, यावरचा हा लेख आपल्या स्टेशनजवळच्या गावात सापडला. तरी पर्यटनाच्या जाहिरातीत त्याला चार ओळी नाहीत. रिसॉर्टवाल्यांना का बोल लावू? ते खोल्या विकतात. पण गावाचा वारसा सांगण्याचं काम ज्यांचं, त्यांनाही तो बीचपुढे आठवत नाही, ही निवड आहे. काय दाखवायचं हे ठरवणारा, काय पुसायचं हेही ठरवतो.

ज्या भुईगावच्या बीचचे रील तुम्ही फॉरवर्ड करता, तिथेच १९५६ साली, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. पोकळ कर्मकांडापेक्षा दास आणि नोकरांशी नीट वागणं हे खरं मंगल, असं तो लेख म्हणतो. दिव्यावदानातला पूर्ण हा याच शूर्पारकातला, दासीच्या पोटी जन्मलेला व्यापारी, पुढे भिक्खू झालेला. विशीतल्या पोराला खिळवून ठेवणारी याहून मोठी गोष्ट कुठला रिसॉर्ट देणार?

आता आपल्या घरातही बघू या. गेल्या वर्षी माझ्याकडे एक 'धम्म सहल' पोस्टर आलं. निळ्या पार्श्वभूमीवर बारा नेत्यांचे फोटो, खाली सौजन्य, त्याखाली शुभेच्छुक. सोपारा हे नाव कोपऱ्यात, भिंगातून वाचावं इतकं बारीक. किती वाजता निघायचं, खर्च किती, मुलींसाठी शौचालय आहे का, काहीच नाही. असं पोस्टर बघून कॉलेजची मुलगी घरी परवानगी मागू शकते का? ती शेवटी मैत्रिणींबरोबर अर्नाळ्यालाच जाणार, आणि मग आपण म्हणणार की तरुण पिढी बिघडली!

काही मित्र म्हणतात, धम्माचं मार्केटिंग कशाला? मग अशोकाने काय केलं? लोकांच्या प्राकृतात, जिथे देशोदेशीचे व्यापारी उतरत त्या बंदरावर, दगडात मजकूर कोरून घेतला. वाचणारा कोण, तो कुठून येतो, कोणती भाषा बोलतो, याचा विचार त्यात आहे. मूकनायक काढताना बाबासाहेबांनीही तोच विचार केला होता. प्रचाराची लाज त्यांना नव्हती, मग आपल्याला का?

६ डिसेंबरला लाखो लोक दादरला येतात. दादरहून विरार लोकल थेट नालासोपाऱ्याला येते, तासाभराचा प्रवास. पश्चिमेला उतरून रिक्षाने स्तूप. चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या असलेल्या नांदेडच्या, अकोल्याच्या पोराला हे कुणी सांगितलंय? यंदा वसई-विरारच्या कार्यकर्त्यांनी नेत्यांचे फोटो काढून टाकावेत आणि एकच पोस्टर करावं. वर स्तूपाचा आपणच काढलेला फोटो, खाली गाडी, भाडं, वेळ, पाणी कुठे मिळेल ते, आणि सोबत येणाऱ्या एका मुलीचा व एका मुलाचा नंबर. मराठीत करा आणि हिंदीतही, कारण नालासोपाऱ्याच्या चाळींत यूपी-बिहारचे कामगार राहतात. सारनाथ आणि बोधगया त्यांच्याच मुलखातले आहेत. छपाईची वर्गणी मी देतो, मजकूर तुम्ही लिहा.